सातचा भोंगा

(दृश्य : संध्याकाळ. देवळाचा कळस. भोंगा वाजतो.)

संध्याकाळचे सात. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. देवळावरचा भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत पोरं अभ्यासाला बसतात. गावानं हे ठरवलं २०२२ च्या ऑगस्टमध्ये. लॉकडाउनमधल्या ऑनलाइन शाळेपायी हातात आलेला मोबाइल पोरं सोडेनात, म्हणून.

बातम्या झाल्या त्या मोबाइलच्या. आपण जरा कान देऊ.

(दृश्य : ओसरी. दिव्याखाली वही.)

गाव काही मुकं झालेलं नाही. गोठ्यात म्हैस रेकते, पंखा खडखडतो, आत भाकरी थापली जातेय. थांबलंय ते पडद्यावरच्या सासवासुनांचं बोलणं. आणि पाठांतराला सगळ्यात जास्त नडतं ते बोलणंच.

१९८२ साली पिएर सालामे आणि ॲलन बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आकडे दाखवले आणि ओळीनं लक्षात ठेवायला सांगितले. मागे कुणाचं तरी बोलणं चालू. तिकडे लक्ष द्यायचं नाही, असंही बजावलेलं. तरी चुका वाढल्या. निरर्थक शब्दांनीही वाढल्या. नुसत्या गोंगाटानं तेवढ्या नाहीत. आकडे आपण मनातल्या मनात घोकतो, आणि कानावर पडलेला शब्द न विचारता तिथंच घुसतो. पुढे त्यांनी संगीतही लावून पाहिलं. नुसत्या वाद्यांपेक्षा गायलेल्या गाण्यानं जास्त घोळ झाला.

आता कानात लावणी आणि समोर इतिहासाच्या सनावळ्या असं बसणाऱ्यांनी काय ते समजावं. आम्हीही त्यातलेच. तानपुरा त्या मानानं बरा.

(दृश्य : रुळांवरून धडधडत जाणारी गाडी.)

शब्द नसला म्हणजे कितीही मोठा आवाज चालतो, असं मात्र नाही. न्यूयॉर्कच्या एका शाळेला खेटून उन्नत रेल्वे जायची, साधारण दर साडेचार मिनिटांनी. गाडी आली की शिकवणं थांबे. १९७५ साली मानसशास्त्रज्ञ आर्लिन ब्रोन्झाफ्ट यांनी दाखवून दिलं, की रुळांकडच्या वर्गांतली मुलं पलीकडच्या वर्गांपेक्षा वाचनात मागे होती. मग रुळांखाली रबर बसलं, वर्गांना आवाज शोषणारं छत आलं. काही वर्षांनी पुन्हा तपासलं, तर दोन्हीकडची मुलं सारखीच वाचत होती.

(दृश्य : पुन्हा ओसरी.)

साडेआठ. दुसरा भोंगा. शेजारच्या घरातून मालिकेचं शीर्षकगीत सुरू होतं. ओसरीवरची मुलगी वही उचलते आणि माडीवर जाते.