न विणलेल्या चादरीचा अभिमान

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या थंडीत पुण्याला भाचीकडे मुक्कामाला होतो. रात्री तिनं चादर आणून दिली. "मामा, खास तुमच्यासाठी सोलापुरी काढली." हात लावताच कळलं, लेबल तेवढं सोलापूरचं, पोत भलताच. असा संताप आला की झोप उडाली. आता गंमत बघा. मी सोलापूरचा, पण मास्तर माणूस. उभ्या जन्मात मागावर बसलो नाही, धोटा हातात धरला नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातही माझा काडीचा वाटा नाही. मग रात्री अकरा वाजता अपमान नेमका कुणाचा झाला होता?

जन्मदेशाच्या अभिमानाचंही असंच कोडं आहे. जन्म कुठं घेता, असं आपल्याला कुणी विचारलेलं नसतं. न कमावलेल्या गोष्टीची छाती कशी फुगवायची? माझा एक विद्यार्थी वर्गात हेच म्हणाला होता. त्याला तेव्हा मी गप्प बसवलं. हे भाषण खरं तर त्याचं उत्तर आहे, वीस वर्षं उशिरा.

आमचे तात, म्हणजे आजोबा, तेलंगणातून आले. सोलापूरच्या पूर्वभागातल्या कितीतरी पद्मशाली, म्हणजे विणकर घरांची हीच कथा. पोट गिरण्यांकडं आणि मागांकडं ओढून घेऊन आलं. तात जन्मले निजामाच्या राज्यात, राबले इंग्रजांच्या सोलापुरात. आपण तुळजापूरला देवीला जातो ना, ती जेमतेम 45 किलोमीटरची वाट. पण तेव्हा देवी निजामाच्या हद्दीत होती. अक्कलकोटचं संस्थान आणखी वेगळं. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थानाचा कारभार संपला आणि तातांचा जन्मदेश नकाशावरून पुसला गेला. त्यांनी कशाचा अभिमान धरायचा? त्यांना कुणी विचारलंच तर म्हणायचे, "आपण सोलापूरचे." विषय संपला.

आता चार हुतात्म्यांचं बघू. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. नावं ऐकूनच कळतं, हे चौघे चार तऱ्हेच्या घरांतून आले होते. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी इथं मार्शल लॉ पुकारला आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी दिलं. त्यांच्या मनात त्या वेळी काय होतं, हे मी कोण सांगणार? पण आहे त्या देशावर ते खूष होते, असं नक्कीच म्हणता येणार नाही. त्यांना चीड होती. आणि चीड आपल्याच माणसांसाठी येते.

लाजेचंही तसंच आहे. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, आणि शहरात नळाला पाणी चार-चार दिवसांनी. बाहेरगावचा पाहुणा आला आणि न्हाणीघरातली पिंपांची रांग बघून हसला, की मी ओशाळतो. दुसऱ्या कुठल्या शहराच्या नळाबद्दल मला असं होत नाही. नळ मी बिघडवला नाही, चादर मी विणली नाही. पण नळाची लाज ज्याला वाटते, त्यानं चादरीवरून थोडं रागावलं तर चालेल, असं मी स्वतःला सांगतो. उलटं मात्र नको. नुसती चादर घ्यायची आणि पाहुण्याला नळ दिसू द्यायचा नाही, असली माणसं मला फार भेटतात. आपल्या देशाचा अभिमान म्हणत ती शेजाऱ्याचं उणं काढत बसतात.

तीस वर्षं मी रोज सकाळी मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतली. ती मुळात तेलुगूत लिहिली गेली, 1962 साली. लिहिणारे पैडिमर्री वेंकट सुब्बाराव, नलगोंड्याकडचे. तातांच्या मुलखाचे म्हणून मला त्याचंही उगाच कौतुक, असो. प्रतिज्ञेत "परंपरांचा मला अभिमान आहे" हे वाक्य येतं आणि लगेच पुढचं: "त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता माझ्या अंगी यावी म्हणून मी सदैव प्रयत्न करीन." म्हणजे अभिमान आधी उचलला, पात्रता नंतर यायची आहे. किराणा दुकानात वहीवर मांडून माल नेतात, तसं. माल नेणारे पुष्कळ असतात. वहीकडे वळून बघणारे थोडे.

माझ्या स्वतःच्या वहीतली एक नोंद सांगतो. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1910 साली सोलापुरात जन्मले. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेलं, त्यात ते होते. परत आले नाहीत. तिथंच लग्न केलं, मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. त्यात यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी ते तिकडेच गेले. हा माणूस आमच्या गावचा, हे मी पाहुण्यांना, विद्यार्थ्यांना, रेल्वेतल्या सहप्रवाशांना, किती जणांना सांगितलं असेल!

त्यांचं भैय्या चौकातलं घर आता स्मारक आहे. घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटं. साठी उलटल्यावर, गेल्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा आत गेलो. तिथल्या वहीत नाव लिहायला वाकलो, तर वरच्या ओळीत चिनी अक्षरं होती.