पिन बसली म्हणजे काम झालं नाही

…तर मंडळी, परदेशात विजेची उपकरणं कशी वापरायची, हा आजचा विषय. त्याकडे येतोच. पण त्याआधी, कित्येक वर्षं मला छळणारा प्रश्न तुमच्यापुढे ठेवू द्या: अख्ख्या जगाला मिळून एक प्लग का ठरवता आला नाही?

जपानचंच घ्या. 1890 च्या दशकात टोकियोनं जनित्रं आणली जर्मनीहून, 50 हर्ट्झची, म्हणजे त्यांची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावणारी. ओसाकानं आणली अमेरिकेहून, 60 हर्ट्झची. आजही पूर्व जपान 50 वर चालतो, पश्चिम जपान 60 वर. त्यानं काय बिघडतं, असं मनात आलं ना? 2011 च्या भूकंपानंतर पूर्वेकडची वीजकेंद्रं बंद पडली. पश्चिमेची वीज पुरेशी इकडे आणता येईना, कारण हर्ट्झ बदलून देणाऱ्या मधल्या केंद्रांची ताकद फारच तोकडी होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची खरेदी अशी भोवली! मला याचं खरोखर वाईट वाटतं.

बरं, प्रयत्न झालेच नाहीत असंही नाही. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगानं 1986 मध्ये एक समाईक प्लग मांडला. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका त्या वाटेनं गेले. बाकीच्यांच्या भिंतींत सॉकेट आधीच बसलेले, ते उपटणार कोण? ब्रिटनचा प्लग त्याआधीचा, 1947 चा. पोटात फ्यूज, आणि बहुतेक सॉकेटमध्ये अर्थिंगची लांब पिन आत गेल्याशिवाय बाकीच्या दोन भोकांवरची झडप उघडतच नाही. लहान मुलांचा किती विचार केलाय बघा! यावर मी तासभर बोलेन, पण संयोजकांची चिठ्ठी आली आहे. पाचच मिनिटं.

तेव्हा भरभर सांगतो. अडॅप्टर पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. अमेरिकेत 120 व्होल्ट, जपानात 100, युरोपात 230. फक्त 120 साठी बनवलेला हेअर ड्रायर 230 वर लावला, तर व्होल्टेज दुपटीच्या आतच वाढतं, पण उष्णता त्याच्या वर्गानं, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. तो जळणारच. उलट 230 ची इस्त्री जपानात पाचव्या हिश्शाइतकीही तापत नाही.

म्हणून सामान भरतानाच उपकरणावरची बारीक अक्षरं वाचा. ‘इनपुट’पुढे 100–240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असेल, तर अडॅप्टर पुरे. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर बहुधा असेच असतात. एकच आकडा असेल आणि वस्तू तापणारी असेल, तर ती घरी ठेवा. तिला पेलणारा ट्रान्सफॉर्मर कित्येक किलोंचा होतो. श्वासाचं यंत्र नेणाऱ्यांनी हे आधी तपासावंच. आणि कृपा करून तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरवर चढवू नका. अर्थिंग तुटतं, आणि धातूच्या किटलीत वीज उतरली तर ती तुमच्या हातातून जाते.

एक्स्टेंशन बोर्डाचं राहिलंच. अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर ओलांडू नका, एवढंच सांगतो. आता प्रश्न घेऊ.