न मिळालेला कागद

फेब्रुवारी 1996. अमेरिकेतल्या अर्कान्सॉ राज्यातली, फॅक्टरीत काम करणारी एक बाई महिन्याभराच्या रजेचा अर्ज टाकते. कॅन्सर निघालाय, हॉजकिन्स. ऑपरेशन, मग कित्येक महिने रेडिएशन. महिना संपला की परत अर्ज, अजून तीस दिवस द्या. मंजूर. परत महिना, परत अर्ज. असं करत करत सात महिने. कंपनी होती वूल्व्हरिन वर्ल्ड वाइड, आणि खरं सांगायचं तर कंपनी अगदीच वाईट वागली असं नाही, पगार नव्हता पण जागा धरून ठेवली, पहिले सहा महिने मेडिकल इन्शुरन्सचे हप्तेपण भरले. सात महिने संपत आले तेव्हा ती म्हणाली अजून रजा द्या, नाहीतर पार्ट टाइम तरी करू द्या. नाही म्हणाले. ती कामावर आली नाही, नोकरी गेली.

मग ती कोर्टात गेली, एका कागदासाठी, जो तिला कधी मिळालाच नव्हता.

तिकडे 1993 पासून फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्ट आहे. 50 किंवा जास्त माणसांची कंपनी, वर्षभराची नोकरी आणि त्यात 1,250 तास भरलेले, एवढं असेल तर आजारपणात 12 आठवडे रजा आणि नोकरी शाबूत. बिनपगारी बरं का! तर लेबर खात्याचा नियम होता की ही रजा या कायद्यातली धरतोय असं कंपनीने कळवलंच नाही तर ती मोजायची नाही. इथे तसं कळवणारा कागद दिलाच नव्हता. म्हणजे 30 आठवडे घेऊनसुद्धा तिचे 12 शिल्लकच!

सुप्रीम कोर्टात 19 मार्च 2002 ला निकाल लागला, पाच विरुद्ध चार, ती हरली. जस्टिस केनेडींच्या निकालाचा सूर असा की कागद मिळाला असता तरी 12 आठवड्यांनी ही कामावर येऊ शकत नव्हती, मग नुकसान काय झालं?

मला हे काही पटत नाही. कायद्यात ही रजा तुकड्यातुकड्यांनीपण घेता येते, उपचाराच्या दिवशी घरी, बाकी दिवस कामावर, पण हे कुणी सांगितलंच नाही तर रेडिएशन घेणाऱ्या माणसाला सुचणार कसं? जस्टिस ओकॉनर धरून चार जजना खात्याचाच नियम बरोबर वाटला होता.

2008 मध्ये खात्याने नियम बदलले. आता कागद पाच कामाच्या दिवसांत द्यायचा, आणि नाही दिला तर त्याने काय नुकसान झालं हे आजारी माणसानेच दाखवायचं.