हा किल्ला नाहीये, बाबा

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित)

मंडळी, तिळगूळ घ्या, आणि यंदाही माझ्या हातात माईक दिल्याबद्दल कार्यकारिणीला माफ करा.

आमची कन्या चौथीत आहे. कॅलिफोर्नियात चौथी म्हणजे घरात मिशन, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांच्या इथल्या जुन्या धर्मवसाहतीचा नमुना, उभं राहणार, हे तुम्हाला काय सांगायचं! साखरेचे चौकोनी तुकडे, त्यांना लागलेल्या मुंग्या आणि रात्री दहाला डिंक आणायला पळणारा बाप. आमच्या वाट्याला आपल्या फ्रीमॉन्टचंच मिशन सॅन होजे आलं. मी खूश. इतक्या वर्षांनी किल्ला करायला मिळणार! थर्मोकोल आणला, नसलेले बुरूज काढले, तटाखाली अळीवही पेरलं. पुण्याहून आणलेले मावळे दारावर उभे करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, हा किल्ला नाहीये. किल्ल्यात शत्रूला आत येऊ देत नाहीत. इथे लोकांना बाहेर जाऊ देत नव्हते."

मावळे हातातच राहिले.

खरं होतं तिचं. १७९७ मध्ये स्पॅनिश पाद्र्यांनी हे मिशन उभारलं. इथल्या मूळ रहिवाशांना, म्हणजे भोवतालच्या ओलोनींना आणि पुढे पूर्वेकडच्या योकुट लोकांना, तिथे आणलं. एकदा बाप्तिस्मा झाला की परवानगीशिवाय आपल्या गावी जायचं नाही. पळालात तर शिपाई धरून आणणार, वर फटके. तरी लोक पळायचेच. एस्तानिस्लाओ नावाचा योकुट इथूनच निघून गेला आणि १८२९ मध्ये, तेव्हा इथे राज्य असलेल्या मेक्सिकोच्या फौजेशी लढला. योसेमिटीच्या वाटेवर ओकडेलपाशी स्टॅनिस्लॉस नदी लागते ना, ती त्याच्या नावाची. गनिमी कावा म्हटलं की आपल्या अंगावर मूठभर मांस चढतं, आणि ह्या गड्याच्या नदीकाठी आपण नुसत्या पुऱ्या खाऊन आलो.

"इथे कसला आलाय इतिहास!" हे वाक्य मी ह्याच व्यासपीठावरून टाकलं होतं. टाळ्या तुमच्याच होत्या. आपल्यापैकी निम्म्यांचं पहिलं टेबल एमरीव्हिलच्या आयकियातलं. तो रस्ता शेलमाउंड स्ट्रीट. हजारो वर्षं शिंपले टाकत, आपली माणसं पुरत ओलोनींनी रचलेली टेकडी होती तिथे. १९२४ मध्ये ती सपाट केली. आपण पार्किंग शोधत राहिलो.

मिशनं मोडली, मग १८४८ मध्ये सोनं सापडलं आणि जे झालं ते मिशनपेक्षा वाईट. तेव्हा राज्यात सुमारे दीड लाख मूळ रहिवासी होते, १८७० पर्यंत तीस हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार आणि सरळसरळ कत्तली. १८५० च्या एका कायद्याने तर त्यांची पोरं गोऱ्यांच्या घरी राबायला ठेवता येत. चांगल्या शाळा म्हणून मिशन सॅन होजे भागात घर घ्यायला आपण जिवाचं रान केलं. त्या शाळांनीच हे मुलांना शिकवलं, आणि आपण साखर मोजत बसलो.

आपल्या भागातली ओलोनींची भाषा चोचेन्यो. ती सफाईने बोलणारे शेवटचे होसे गुझमान १९३४ मध्ये गेले. एका भाषातज्ज्ञाने वेळीच टिपून ठेवलेल्या वह्यांवरून त्यांच्यातली मंडळी आज ती पुन्हा शिकताहेत. आपल्याकडे वह्या नाहीत, रविवारची शाळा आहे, आणि तिथे मागच्या महिन्यात अकरा मुलं आली. बाकीची फुटबॉलला. आणि हो, किल्ल्याचं ते वाक्य कन्या इंग्रजीत बोलली होती. तुमच्यासमोर मराठी मी केलं.

मावळे मी डब्यात ठेवून दिले. मिशन शाळेत गेलं. परवा रात्री पांघरूण घालताना तिनेच विषय काढला. आजी व्हिडिओ कॉलवर गोष्टी सांगते, त्यातली तिला एक आठवली होती.

"बाबा, मग हिरकणीला का नव्हते बाहेर जाऊ देत?"

मी म्हटलं, झोप आता, उद्या शाळा आहे.