कॅनिंगचा आंबा आणि हवाबंद डबा

नमस्कार श्रोतेहो. मे महिना लागला की रत्नागिरी-देवगडकडे एकच विचारणा सुरू होते : 'कॅनिंगला काय दर?' विचारणाऱ्याच्या मनात पत्र्याचा डबा नसतो. पेटीत डझनावर न जाणारा, बारीक किंवा डागी, पण आतून चांगला हापूस म्हणजे 'कॅनिंगचा आंबा'. तो किलोवर विकला जातो.

कारखान्यात आंबा पिकवून, धुऊन, देठाकडचा भाग कापतात. चीक तिथेच असतो. साका निघालेली, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा झालेली फळं हातानेच बाजूला काढावी लागतात. एवढासा साका रसात गेला, तरी आंबूस वास लपत नाही. मग पल्परमध्ये साल-बाठा वेगळा होतो, रस ९० अंशांच्या आसपास तापतो आणि गरम असतानाच ८५० ग्रॅमच्या किंवा ३.१ किलोच्या डब्यात भरून झाकण सीलबंद होतं. पुढे डबे उकळत्या पाण्यात ठेवतात आणि लगेच थंड करतात. गरम डब्यांची थप्पी लावली तर रस काळपट पडतो.

डब्याला आपण 'हवाबंद' म्हणतो, पण अन्न टिकतं ते उष्णतेने. सील फक्त बाहेरचे जंतू आत येऊ देत नाही. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू तर हवा नसेल तिथेच वाढतात! फ्रान्सच्या निकोला अपेरने १८१० मध्ये ही पद्धत छापून प्रसिद्ध केली, तेव्हा अन्न का टिकतं हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

आमरस आंबट, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप; जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या खाली. एवढ्या आंबटात बोटुलिझमचे जंतू वाढत नाहीत. म्हणून त्याला उकळतं पाणी पुरतं. मटार, मका, मासळी यांना ते पुरत नाही. तिथे दाबाखाली १२१ अंशांपर्यंत जावं लागतं. तेव्हा रसाच्या बाटल्या घरी उकळून ठेवता तशा मटारच्या ठेवू नका.

डबा घेताना जोडावर पोचा किंवा गंज नाही ना, ते बघा. झाकण दाबल्यावर टकटक वर-खाली होत असेल, तर परत ठेवा. डबा आम्लाने पत्रा खाल्ल्यामुळेही फुगतो आणि जंतूंमुळेही. घरी ते ओळखता येत नाही, म्हणून चव घेऊन पाहणं नकोच. फोडलेल्या डब्यातला उरलेला रस काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.