मोबाईलवर त फिरत होते!

[दृश्य: काचेला तडा गेलेला मोबाईल. त्यावर पितळी रंगाची दातेरी चाकं फिरताहेत. मागून घुंगरांचा आवाज.]

एप्रिल संपत आलाय. वर्धा जिल्ह्यातलं एक गाव. डांबरी रस्त्याच्या कडेला कडुनिंब, त्याखाली हिरवी जाळी ताणलेली रसवंती. दुपारचे दोन वाजलेत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आत बाकावर चार पोट्टे एकाच मोबाईलवर वाकलेत. विदर्भात मुलांना पोट्टे म्हणतात, त्यात राग नसतो. चौघांत एक मुलगी आहे, आणि मोबाईल तिच्या हातात आहे.

पडद्यावर नुसती चाकं आहेत. मोठं चाक संथ, त्याला लागून मधलं, मधल्याला लागून एक इवलंसं, भरभर फिरणारं. दात्यात दाता बसतो, सुटतो, पुढचा बसतो. कुठे ठेच नाही, खडखड नाही, शेवट नाही. मिनिटभर कुणी बोललं नाही. आम्हीही बघत उभे राहिलो. खरं तर आम्ही इथे उसाच्या रसावर दोन मिनिटांचं काहीतरी चित्रित करायला आलो होतो.

या चाकांचं एवढं काय आवडतं? आम्हाला वाटतं, यात कारण डोळ्यांना दिसतं. मोबाईल आतून कसा चालतो ते कुणालाच दिसत नाही. पिठाच्या गिरणीचा पट्टा, शिलाई मशीनचं पायडल, सायकलची चेन मात्र दिसते. ह्याने त्याला ढकललं म्हणून ते फिरलं. गोष्ट उघड्यावर घडते आणि बघणाऱ्याला वाटतं, आपल्याला समजलं.

गंमत अशी, की मोबाईलवरच्या त्या चाकांत कुणी कुणाला ढकलत नसतं.

[दृश्य: कागदावर काढलेलं बारा दात्यांचं चाक. एक हात ते टाचणीभोवती हळूहळू फिरवतो.]

हे चित्र बनवतात कसं, ते बघू. समजा चाकाला १२ दाते आहेत. ३६० भागिले १२, म्हणजे दर ३० अंशांवर एक दाता. चाक ३० अंश फिरवलं की पहिल्या दात्याच्या जागी दुसरा येतो आणि चित्र पुन्हा होतं तसं. मग पूर्ण फेरी काढायची गरजच काय? एका दात्याएवढी हालचाल काढायची आणि तीच पुन्हा पुन्हा दाखवायची. लागून असलेली चाकं लहान असोत की मोठी, एक दाता इकडे सरकला की तिकडेही एकच सरकतो. त्यामुळे सगळा संच एकाच क्षणी मूळ जागेवर आल्यासारखा दिसतो. एका सेकंदाचं चित्र जन्मभर चालतं.

फक्त चाकाला आरे काढताना जपायचं. दाते १२ आणि आरे ५ असले, तर फेरी जुळते तिथे आरे झटका देतात. चोर पकडायचा आणखी सोपा उपाय म्हणजे एका दात्यावर लाल ठिपका द्यायचा. ठिपका एक घर पुढे जातो आणि टुणकन मागे येतो.

म्हणजे चित्रातल्या प्रत्येक चाकाला वेगळा हुकूम दिलेला असतो. तू उजवीकडे ३० अंश जा, तू डावीकडे १५. शेजाऱ्याला दाता लागतोय की नाही, याच्याशी चाकाला देणंघेणं नाही. काढणारा चुकला, तर दात्यातून दाता भुतासारखा आरपार जातो आणि संगणक हूं की चूं करत नाही. ना घर्षण, ना वजन, ना ग्रीस.

याचा चटका या चौघांना मागच्या तान्ह्या पोळ्याला बसला.

[दृश्य: चाकांच्या गाडीवर बसवलेला लाकडी नंदी. अंगावर झूल, शिंगांना बेगड.]

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात पोरांचा पोळा असतो. खऱ्या बैलांच्या जागी लाकडी नंदी. सजवायचे, मिरवायचे, घरोघरी नेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा. गावात सजावटीची स्पर्धा असते आणि ती हसण्यावारी घेतली जात नाही. यांनी ठरवलं, नंदीच्या मागे फिरती चाकं लावायची. नमुना मोबाईलवरचा होता. त्रिकोणात तीन चाकं, तिन्ही एकमेकांना लागलेली, तिन्ही ऐटीत फिरताहेत. पुठ्ठ्याला सोनेरी कागद चिकटवला, दाते एकेक कापले, मोडक्या खेळण्यातली मोटर लावली, दोन सेल टाकले.

मोटर गुंगुं करत राहिली. चाकं हलली नाहीत.

सेल बदलले. मग डिंकावर शंका आली. मग दाते कमी-जास्त झाले असतील म्हणून नवीन कापले. शेवटी मोटर इतकी तापली की हात लावता येईना. बक्षीस गेलं लुकलुकत्या दिव्यांच्या नंदीला. त्या मुलीचा राग अजून गेलेला नाही. "मोबाईलवर त फिरत होते!" ती आम्हाला सांगते, जणू मोबाईल आम्हीच बनवला होता.

उत्तर तिच्या पाठीमागे सहा फुटांवर फिरत होतं.

[दृश्य: चरकाची बाजू. तीन ओतीव लोखंडी गिअर, काळ्या ग्रीसने माखलेले. घुंगरू हलताहेत.]

रसवंतीच्या चरकात तीन रोलर असतात. एक वर, दोन खाली. ऊस आधी वरच्या आणि पहिल्या खालच्या रोलरमधून जातो, मग वरच्या आणि दुसऱ्यामधून. पलीकडे चिपाड पडतं, खाली रस. बाजूला तिन्ही रोलरचे गिअर. तीन चाकं, त्रिकोणात, आणि खुशाल फिरताहेत.

रसवंतीवाल्या काकांना आम्ही विचारलं, मग पोरांची का नाही फिरली? त्यांनी आधी मोटर बंद केली, पट्टा उतरवला, आणि खालच्या दोन चाकांच्या मधात बोट घातलं.

"हे पाहा जी. वरचं चाक दोघाले भिडलं. पण खालचे दोघं आपसात भिडू नाही देल्ले. इथून माहं बोट जाते."

आणि भिडले तर?

"त मंग कोन कोनीकडे फिरन?"

काकांनी एका वाक्यात सांगितलं, ते आम्ही जरा हळू सांगतो. दोन चाकं दात्यांनी लागली की उलट दिशांना फिरतात. वरचं उजवीकडे, तर खालची दोन्ही डावीकडे. आता त्या दोघांना एकमेकांत अडकवलं, तर त्यांनीही उलट दिशांना फिरायला हवं. पण दोघंही डावीकडे निघालेत. त्यामुळे कुणीच कुठे जात नाही. तीनच कशाला, पाच, सात, नऊ, कितीही विषम चाकं सपाट कड्यात एकमेकांना जोडा, कडं जाम. चार किंवा सहा घ्या, फिरेल.

एकदा हे कळलं की जगणं अवघड होतं. आम्हाला परतीच्या वाटेवर एका कार्यालयाच्या भिंतीवर विकासाचा फलक दिसला. तीन रंगांची तीन चाकं, त्यांवर शासन, समाज, सहभाग. तिन्ही एकमेकांत घट्ट. चित्रकाराने नकळत खरं तेच काढलं होतं.

आणि हसायचं तर फक्त इथल्या चित्रकारांना कशाला? ब्रिटनचं दोन पौंडांचं नाणं १९९८ मध्ये चलनात आलं. त्याच्या तेव्हाच्या नक्षीत मागच्या बाजूला माणसाच्या तंत्रज्ञानाची वाटचाल वर्तुळांत दाखवलीय. औद्योगिक क्रांतीसाठी एकमेकांत अडकलेल्या दातेरी चाकांचं कडं आहे. चाकं मोजा. १९. ज्या देशात वाफेच्या यंत्रांनी गिरण्या चालवल्या, त्या देशाच्या नाण्यावरची यंत्रं जागची हलू शकत नाहीत. नाण्याच्या कडेवर न्यूटनचे शब्द कोरलेत, थोरांच्या खांद्यावर उभं राहण्याबद्दलचे. चित्र मात्र देखणं आहे, आणि डोळा मोजत बसत नाही.

[दृश्य: गिअरचा दाता अगदी जवळून. दोन दात्यांमधली फट.]

चरकाकडे परत येऊ. या गिअरचे दाते नीट बघा. उंच, सडसडीत, दोन दात्यांमध्ये ढळढळीत फट. मोबाईलवरच्या चाकांशेजारी ठेवले तर कुणीही म्हणेल, हे चुकीचं बनलंय. मुलीनेही तेच म्हटलं, "ढिल्ले आहेत."

ढिले आहेत म्हणूनच चालतात. उसाचं जाड पेरं आलं की रोलर किंचित मागे सरतो. रस जास्त काढायचा असला की काका बोल्ट आवळून रोलर जवळ आणतात. दोन्ही वेळेला दोन गिअरमधलं अंतर बदलतं. दाते आखूड असते तर रोलर सरकताच एकमेकांतून सुटले असते, फट नसती तर रोलर जवळ येताच रुतले असते. साखर कारखान्यांच्या प्रचंड गिरण्यांतही रोलर उचलला जातो, आणि तिथल्या चाकांनाही याच कारणाने उंच दाते देतात. या फटीला आपल्याकडचे मिस्त्री 'प्ले' म्हणतात. प्ले जास्त झाला तर खडखडाट, अजिबात नसला तर ग्रीसला जागा नाही आणि तापून फुगलेल्या लोखंडालाही नाही. पडद्यावरचं चाक तापत नाही, म्हणून त्याला फट लागत नाही. वैशाखात विदर्भात उभं राहायचं तर फट हवी.

दात्याच्या आकाराचंही असंच. चित्रात दाते बहुधा चौकोनी विटेसारखे नाहीतर करवतीसारखे. चौकोनी दाता शेजारच्या खाचेत शिरताना आणि बाहेर पडताना कोपऱ्याने अडतो. आज बहुतेक गिअरच्या दात्यांना एक खास वाक असतो. तो वाक गावात कुणीही पाहिलेला आहे, फक्त त्याकडे त्या नजरेने बघितलेलं नसतं. जाड खुंट्याला बांधलेली गाय दावं ताणून एकाच दिशेने फिरते, दावं खुंट्याभोवती गुंडाळत जातं आणि गाय हळूहळू जवळ येते. तिच्या पावलांची जी वाट उमटते, तोच वाक. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने तो गिअरसाठी सुचवला. त्याची खुबी ही, की दोन चाकांतलं अंतर थोडं मागेपुढे झालं तरी वेगाचं प्रमाण बदलत नाही. काकांच्या चरकाचे दाते ओतीव, घासून गोलसर झालेले. शुद्ध भूमितीचा हट्ट त्यांनी कधीच सोडलाय.

आता वाटेल की साधे त्रिकोणी दाते म्हणजे पोरखेळ. तसंही नाही. ग्रीस देशाजवळच्या समुद्रात बुडालेल्या एका जहाजातून १९०१ मध्ये काशाचं एक यंत्र वर आलं, दोन हजार वर्षांहून जुनं. ग्रहणांचा हिशेब करणारं. त्याची ३० चाकं आज शिल्लक आहेत, एकाला २२३ दाते होते, आणि सगळे दाते सरळसोट त्रिकोणी. थोडे अडखळत असतील. पण मोजणी चोख होती, आणि त्या यंत्राला मोजणीच करायची होती.

[दृश्य: पुन्हा मोबाईल. दोन चौकोनी चाकं एकमेकांभोवती फिरताहेत.]

मुलीला आता सगळंच खोटं वाटायला लागलं. तिने मोबाईलवर दुसरं चित्र उघडलं: दोन चौकोनी गिअर, एकाचा कोपरा दुसऱ्याच्या पोटात शिरतोय. "हे त पक्कं खोटं." आम्हीही मान डोलावली. आणि फसलो.

हे खरं असू शकतं. दोन्ही चाकांचे आस जागचे हलणार नाहीत, एवढी अट. मग जिथे दाते लागतात तिथे एकाची त्रिज्या जितकी वाढेल तितकी दुसऱ्याची घटायला हवी, बेरीज कायम. कोपऱ्यासमोर सपाट बाजू आली की हिशेब जुळतो. फक्त अशी चाकं एका चालीने फिरत नाहीत, एक चाक सतत मंद-जलद होत राहतं. लंबगोल गिअरची जोडी तर कामावरही आहे, तेल किंवा डिझेल मोजणाऱ्या काही मीटरांत.

आणि तीन चाकांचा तो नियम? हेन्री सेगरमन आणि सॉल श्लायमर या दोन गणितज्ञांनी त्यालाही वाट काढली. त्यांनी साखळीच्या कड्यांसारखी एकमेकांत ओवलेली तीन दातेरी कडी बनवली. प्रत्येक कडं इतर दोघांना लागतं, तरी तिन्ही फिरतात, कारण ती सपाट न राहता पिळासारखी वळत जातात. आम्ही काकांना त्याचं चित्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"ह्याच्यातून ऊस कुठून टाकाचा?"

[दृश्य: मुलीच्या हातात नखांना लावायच्या रंगाची बाटली. पट्टा अजून उतरवलेलाच आहे.]

चार वाजत आलेत. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला चार चाकांचं कडं करायचं, असं ठरलंय. त्याआधी मुलीला एक गोष्ट तपासायची आहे. तिने फडक्याने वरच्या गिअरचा एक दाता पुसला आणि त्यावर लाल ठिपका दिला. काकांनी सगळ्यांना मागे सरायला लावलं, पट्टा चढवला, मोटर सुरू केली. घुंगरू वाजायला लागले.

ठिपका खाली गेला. आम्ही वाट बघितली. तो टुणकन मागे आला नाही. पलीकडून, ग्रीसमध्ये थोडा बरबटून, वर आला. मुलगी मोजत होती. एक. दोन. तीन. दर फेरीला घुंगरांच्या आवाजात एक बारीकसा 'टक्' ऐकू येत होता, कुठला तरी दाता टवका उडालेला आहे. आता ती त्या 'टक्'च्या वेळी ठिपका कुठे असतो ते बघत होती.

बारा फेऱ्या झाल्या. काकांनी पेले मांडले.

"मोजनं झालं असन त रस प्या. बर्फ वितळून रायला."