'समुचित शासन' कुठे बसते?

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

राज्याचे कामगारमंत्री कोण, हे या सभागृहातील निम्म्या मंडळींना ठाऊक असेल. कामगार सचिवांचे नाव मात्र मी विचारणार नाही, कारण कोणाचाच हात वर झाला नाही तर संयोजकांची पंचाईत होईल. मंत्री निवडून येतात आणि चौकाचौकांत त्यांचे फलक लागतात. सचिव भारतीय प्रशासकीय सेवेतून नेमले जातात आणि बदलीचा आदेश आला की निघून जातात. 2005 च्या बदल्यांच्या कायद्याने एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा ठरवला आहे. तो प्रत्यक्षात किती भरतो, हा विषय चहाच्या वेळेसाठी राखून ठेवू.

कामगार कायद्यांत पानोपानी 'समुचित शासन', म्हणजे त्या-त्या उद्योगापुरते निर्णय घेणारे सरकार, असे शब्द येतात. रेल्वे, बँका, खाणी यांच्यापुरते ते शासन दिल्लीत असते. आपल्या कोल्हापूरच्या फौंड्र्या, म्हणजे धातूच्या ओतकामाचे कारखाने, आणि इचलकरंजीचे यंत्रमाग यांच्यापुरते ते मुंबईत. (1949 मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हापासून अर्ज घेऊन रात्रीची गाडी पकडण्याची आपली परंपरा चालू आहे.) शासन निर्णयाखाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असे छापलेले असते आणि सही सचिवांची किंवा त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याची असते. निर्णय मंत्र्यांचा असला, तरी त्यांच्यासमोर कोणते पर्याय जायचे हे ज्या टिपणीवरून ठरते, ती सचिवांच्या टेबलावरून पुढे सरकते. मला आज बोलायचे आहे ते त्या टिपणीविषयी.

एक प्रसंग सांगतो. माझ्या मित्रांनी तो अनेकदा ऐकला आहे, त्यांनी क्षमा करावी. किमान वेतनाचा मसुदा प्रसिद्ध झाला होता आणि हरकतींची मुदत चालू होती. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या किमान वेतन कायद्याप्रमाणे ती किमान दोन महिन्यांची असावी लागे. आम्ही चौघे महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो. आमच्यात उद्यमनगरातील एक वयस्कर मोल्डर, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करणारे कारागीर, होते. त्यांनी मुलाच्या लग्नातला पांढरा शर्ट घातला होता आणि मिरज येईपर्यंत त्याची इस्त्री मोडली म्हणून ते अस्वस्थ होते. भेटीत सचिवांनी अगदी सरळ प्रश्न विचारला: हे काम कुशल धरायचे की अर्धकुशल? आमच्या वकिलांनी तीन पानी निवेदन तयार ठेवले होते आणि ते चष्मा शोधत होते. तेवढ्यात मोल्डरांनी बाही कोपरापर्यंत सारली आणि हात टेबलाच्या काचेवर ठेवला. मनगटापासून वर ठिणग्यांचे पांढरे, ज्वारीच्या दाण्याएवढे डाग होते. ते म्हणाले, "साहेब, वाळू किती ओली हवी ते मुठीत दाबून कळतं. ती जास्त ओली राहिली, तर रस ओतताना साचा उडतो. हे डाग शिकताना पडले. आता दहा वर्षांत एक नवा पडला नाही. कुशल की अर्धकुशल, ते तुम्ही लिवा." सचिव काही बोलले नाहीत. समोरच्या टिपणीच्या समासात त्यांनी पेन्सिलीने एक ओळ लिहिली. ती कोणती, हे मी खुर्चीतून वाकून वाचण्याचा प्रयत्न केला, पण अक्षर डॉक्टरांच्या वळणाचे होते.

त्या एका शब्दावर हजारो माणसांचा पगार ठरतो, आणि तो शब्द विधिमंडळातल्या भाषणात नव्हे, परिशिष्टाच्या एका रकान्यात असतो. याच संदर्भात एक सांगावेसे वाटते, की या खुर्चीला सगळे कष्टकरी दिसतातच असे नाही. आपल्या उसाच्या फडात येणाऱ्या तोडणी मजुरांचे कल्याण महामंडळ सामाजिक न्याय विभागाकडे आहे आणि रोजगार हमीचा कारभार आणखी तिसरीकडे. घाम एकच, नस्त्या तीन.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे, म्हणजे जाहीर केलेल्या विषयासाठी मला चार मिनिटे उरली. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्यांनी सचिवांची भूमिका कशी बदलली, ते धावत सांगतो. पूर्वी समेट फसला की सामूहिक विवाद न्यायाधिकरणाकडे पाठवायचा की नाही, हे शासन ठरवी. आता समेट फसल्याचा अहवाल मिळाल्यावर पक्षकार 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे थेट अर्ज करू शकतो. ही किल्ली सचिवांच्या हातून गेली आणि माझ्या मते ते बरे झाले. कारखाना बंद करण्यास पूर्वपरवानगीची अट 100 कामगारांवरून 300 वर गेली, त्यामुळे आपल्या लहान-मध्यम फौंड्र्यांचे असे अर्ज त्या टेबलापर्यंत जाणारच नाहीत. आणि जे जातील, त्यांना 60 दिवसांत उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे पूर्वीप्रमाणेच धरले जाईल. तिथे सचिवांचे मौन हाच आदेश ठरतो.

किमान वेतन मात्र त्यांच्याकडेच राहिले आहे: केंद्राने ठरवलेल्या तळवेतनाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनमर्यादेच्या, खाली जायचे नाही, सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या आत फेरविचार करायचा आणि तो मसुदा प्रसिद्ध करून केला, तर हरकतींना किमान तेच दोन महिने. पुढचा मसुदा निघाला की त्याची प्रत संघटनेच्या खोलीत ठेवू. हरकत ज्याची त्याने आपल्या शब्दांत लिहावी. आम्ही शुद्धलेखनसुद्धा तपासणार नाही.